नाशिकच्या ख्रिस्ती घरांतील शनिवारची तयारी

इंग्लंडच्या मंडळीचे १६६२ सालचे जे प्रार्थनापुस्तक पुढे जगभर गेले, त्यातील प्रभुभोजनविधीच्या अगदी आरंभी, एकाही प्रार्थनेला हात घालण्यापूर्वी, एक कोरडी आणि कारकुनी वाटावी अशी सूचना छापलेली आहे : ज्यांना प्रभूच्या मेजाशी यावयाचे असेल त्यांनी निदान आदल्या दिवशी तरी आपली नावे पाळकाला कळवावीत. त्याच विधीत पुढे एक दीर्घ उपदेश येतो. तो भोजनाच्या आधीच्या रविवारी किंवा सणाच्या दिवशी वाचून दाखवावयाचा, आणि त्यात ऐकणाऱ्याने आपले अंतःकरण तपासावे, कोणाशी तंटा असेल तर तो मिटवावा, कोणाचे अन्यायाने घेतलेले असेल तर त्याची फेड करावी आणि मगच यावे, असे बजावलेले असते. रविवारच्या उपासनेचा पूर्वार्ध शनिवारी, घरात आणि पाळकाच्या पाठीमागे घडतो, ही समजूत त्या पुस्तकाच्या तालमीत वाढलेल्या समाजाच्या अंगी अशी मुरलेली होती की तिला कोणी तत्त्व म्हणत नसे. ती घरची रीत होती.

२०२० साली कोविडच्या साथीत नाशिकच्या ख्रिस्ती कुटुंबांवर चर्चवाचून उपासना करण्याचा प्रसंग आला, तेव्हा ही गोष्ट अभूतपूर्व म्हणून तिचा पुष्कळ गवगवा झाला. माझ्या मते तीत अभूतपूर्व होते ते केवळ यंत्र. घराला उपासनेसाठी सिद्ध करण्याची वहिवाट या गावात त्यापूर्वी निदान दीडशे वर्षे चालत आलेली होती, आणि ती नसती तर मोबाइलचा तो वीतभर पडदा फारच थोड्या घरांत चार रविवार टिकला असता.

पेशवाई बुडून चौदा वर्षे झाली होती तेव्हा, म्हणजे १८३२ साली, चर्च मिशनरी सोसायटीने नाशकात आपला मुक्काम टाकला. आरंभीच्या मिशनऱ्यांत चार्ल्स फॅरर हे एक होते. त्यांचा मुंबईत जन्मलेला मुलगा फ्रेडरिक पुढे कँटरबरीचा डीन आणि ख्रिस्तचरित्राचा लोकप्रिय लेखक म्हणून नावारूपाला आला. गोदेच्या काठच्या या क्षेत्रात, जेथे रामकुंडावरील स्नान आणि वेदपाठ यांखेरीज धर्माची दुसरी कल्पनाच कोणाला करवत नव्हती, तेथे नव्या धर्माला माणसे मिळणे कठीण होते, आणि जी मिळाली त्यांना गावात राहणे त्याहून कठीण होते. पाणवठा तुटला, भाऊबंदकी तुटली, घराचा वासा तुटला. या अडचणीतून विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ साली गावाच्या पश्चिमेस, त्या काळी ओसाड असलेल्या माळावर, शरणपूर वसविले. घरे, शाळा, सुतारकाम आणि लोहारकाम यांचे कारखाने आणि प्रार्थनामंदिर अशी ती वस्ती होती. आज शरणपूर रस्त्यावरील वाहनांच्या गर्दीत सेंट अँड्र्यूज चर्च ज्यांच्या दृष्टीस पडते त्यांना ती जागा गावाबाहेर होती यावर विश्वास ठेवणे जड जाईल. अशा वसाहतीत दिवस घंटेवर चाले. सकाळी प्रार्थना, संध्याकाळी प्रार्थना, मध्ये काम आणि अभ्यास. आणि या सर्वांना आधार एका छापील पुस्तकाचा, ज्यात कोणत्या प्रसंगी कोणते शब्द म्हणावयाचे हे आधीच ठरलेले असे.

या छापील शब्दांची थट्टा करणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत; मनापासून निघालेली प्रार्थना पुस्तकातून कशी वाचावयाची, असा त्यांचा आक्षेप असतो. तो आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. परंतु पुस्तकाचा जो गुण त्यांच्या ध्यानात येत नाही त्याचा दाखला शरणपूरच्याच एका विद्यार्थ्याने दिला, आणि तो इतका विलक्षण आहे की येथे थोडे थांबणे भाग आहे.

गुलामांच्या अरबी गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडविलेली आफ्रिकन मुले मुंबईस उतरविली जात, आणि त्यांतील पुष्कळांची रवानगी नाशिकला शरणपूरच्या आश्रमात होई. तेथे ती मुले शिकली, बाप्तिस्मा पावली, हुन्नर शिकली, आणि आफ्रिकेच्या प्रवाशांत ‘नाशिकची मुले’ या नावानेच ओळखली जाऊ लागली. आफ्रिकेतील प्रवासी व मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन यांनी १८६६ साली आपल्या अखेरच्या सफरीसाठी अशी नऊ मुले बरोबर घेतली. १८७२ साली स्टॅन्लीने झांझिबारहून जी कुमक पाठविली तिच्यात आणखी काही होती, आणि त्यांपैकी एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ रोजी चितांबो या गावी, जे आज झांबियात आहे, लिव्हिंग्स्टनचा अंत झाला. शेकडो कोसांत एकही पाद्री नव्हता. सोबत्यांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले, आणि त्या वेळी दफनविधीचे वाचन केले ते जेकबने, आपल्याजवळच्या प्रार्थनापुस्तकातून. झाडाच्या खोडावर लेख कोरला तोही त्यानेच. पुढे त्या माणसांनी ते शव महिनोन् महिने वाहून समुद्रकाठी आणले, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत शवपेटिकेच्या मानकऱ्यांमध्ये हा नाशिकचा विद्यार्थी होता. ॲबेतील सोहळ्याची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. मला त्याहून मोठा वाटतो तो चितांबोचा प्रसंग, कारण तेथे ना इमारत, ना धर्माधिकारी, ना घंटा. होते ते एक पुस्तक आणि ते उघडून उभे राहण्याची लहानपणापासूनची सवय. उपासना इमारतीच्या बाहेर नेणारे पहिले यंत्र छापखान्याचे होते, आणि ते चालविण्याचे शिक्षण नाशकात मिळत होते. शरणपूरच्या या आफ्रिकन शाखेचा पुढील इतिहास मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनचा आहे. प्राइस स्वतः तिकडे गेले आणि येथे शिकलेल्यांनी तिकडची वस्ती उभी केली. तो विषय वेगळा.

नाशकात राहिलेल्या घरांत या सवयीने मराठी रूप घेतले. ख्रिस्ती घरातील संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना ही वरवर पाहता विलायती चाल होती, पण दिवेलागणीला शुभंकरोती म्हणणाऱ्या मुलखात तिला परके वाटण्याचे काही कारण नव्हते. शास्त्रातील एक अध्याय वडिलांनी किंवा आजीने वाचावा, एक गीत म्हणावे, प्रभूची प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणावी, एवढाच तो विधी. गीते मात्र प्रथम इंग्रजी चालींवर जुळविलेली, ओढूनताणून बसविलेली असत, आणि ती मराठी गळ्याला मानवत नसत. अहमदनगरकडे कृष्ण रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची आणि देशी रागदारीची वाट घातली, आणि मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मराठी ख्रिस्ती समाजाला अभंग दिला, भजन दिले, आणि ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहाचा प्राण म्हणावा असा मोठा भाग एकट्याने पुरविला. टिळकांचे नाशिकशी नाते सासुरवाडीचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या आयुष्याची अखेरही नाशकातच १९३६ साली झाली. टिळकांनी अर्धवट ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी ओवीबद्ध करीत नेले, त्याचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. आणि पोथीप्रमाणे घरात मांडी घालून वाचता यावा असा ख्रिस्तचरित्राचा ग्रंथ, ज्या बाईला लहानपणी अक्षरओळखही धड मिळाली नव्हती, तिच्या हातून बहुतांशी लिहिला जावा, हे या इतिहासातील एक नवलच आहे. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही मुभा होती. भिंती ओलांडणाऱ्या मंडळीची कल्पना या माणसाला यंत्रावाचून सुचली होती; ती त्यांच्या मृत्यूनंतर फार काळ टिकली नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मग शनिवार. ज्यांनी जुनी ख्रिस्ती घरे आतून पाहिली आहेत त्यांना तो दिवस सांगावा लागणार नाही. रविवारचे कपडे धुऊन, इस्त्री करून खुंटीला लागत. मुलांची नखे काढली जात. अर्पणाची नाणी वेगळी काढून रुमालाच्या गाठीत बांधली जात, म्हणजे ऐन वेळी खिशात मोठी नोट आणि मनात घासाघीस असा प्रसंग येऊ नये. शास्त्र, गीतांचे पुस्तक आणि चष्मा ही त्रयी एका ठिकाणी ठेवली जाई. जेवणाची अर्धी तयारी आदल्या रात्री होई. शेजारणीशी आठवडाभर धरलेला अबोला शनिवारीच सुटे, कारण उद्या एकाच मेजाशी गुडघे टेकावयाचे असत. अबोला सुटला नाही तर एकजण मागच्या बाकावर बसून राही आणि सारी मंडळी काय ते समजे.

कॅथलिक घरांत तयारीचा भार पोटावर होता. मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा तर मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य, हा शतकानुशतकांचा नियम बाराव्या पायस पोपांनी १९५३ आणि १९५७ साली सैल केला आणि सहाव्या पॉल पोपांनी १९६४ साली तो एका तासावर आणला. आज नाशिकरोडच्या बाळ येशूच्या फेब्रुवारीतील यात्रेला परगावाहून येणाऱ्या लोकांना हा एक तासही कित्येकदा ठाऊक नसतो. परंतु घरून उपासना करण्याच्या प्रश्नाला कॅथलिक पंथाने दूरदर्शनच्या आरंभकाळीच तोंड दिले होते. तेराव्या शतकातील संत क्लारा आजारपणामुळे नाताळच्या मिस्साला जाऊ शकली नाही, तेव्हा तिला आपल्या खोलीतच तो विधी दिसला व ऐकू आला, अशी कथा आहे; त्या आधारावर याच पायस पोपांनी १९५८ साली तिला दूरदर्शनची आश्रयदात्री संत म्हणून घोषित केले. या निवडीत थोडा विनोद आहे आणि बरेच शहाणपण आहे, कारण क्लारेला ते दर्शन घडले ते जाता येत नव्हते म्हणून, जाण्याचा कंटाळा होता म्हणून नव्हे. आपल्याकडील कॅथलिक परंपरेत तर याहून कठोर दाखला आहे. फादर स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले मराठी ‘ख्रिस्तपुराण’ गोव्याच्या देवळांत वाचले जाई. पुढे टिपू सुलतानाने कानडा किनाऱ्यावरील ख्रिस्ती लोकांना श्रीरंगपट्टणास बंदीत ठेवले, तेव्हा धर्मगुरूवाचून काढलेल्या त्या वर्षांत याच पुराणाच्या ओव्या त्यांचा आधार झाल्या, अशी त्या समाजाची परंपरा सांगते.

नभोवाणी आली तेव्हा भीतीही आली. १९२३ साली ड्यूक ऑफ यॉर्कच्या विवाहाचे ध्वनिक्षेपण करू देण्यास वेस्टमिन्स्टर ॲबेच्या अधिकाऱ्यांनी नकार दिला. दारूच्या गुत्त्यात बसलेले लोक डोक्यावरची टोपीही न काढता तो विधी ऐकतील, अशी त्यांना धास्ती होती म्हणतात. पुढच्याच वर्षी ६ जानेवारीस लंडनच्या सेंट मार्टिन्स चर्चमधून बीबीसीने पहिली उपासना प्रक्षेपित केली, आणि टोपीचा प्रश्न तसाच राहिला. वरवर पोरकट दिसणारा तो प्रश्न खरे म्हणजे मर्माचा होता : आवाज घरापर्यंत पोहोचविता येतो, पण ऐकणाऱ्याला सिद्ध कोण करणार?

२०२० च्या मार्चमध्ये तो प्रश्न नाशकात येऊन उभा राहिला. १३ मार्चला महाराष्ट्र सरकारने साथरोगाचा कायदा अंमलात आणला. हा कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या धामधुमीत घाईघाईने केलेला. चार कलमांचा तो जुना दस्तऐवज दप्तरातून निघाला आणि सव्वाशे वर्षांनी पुन्हा त्याच मुलखावर चालला. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी. तिथींचा योग असा की २ एप्रिलची रामनवमी काळारामाच्या गावाने घरात केली, ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार, १० एप्रिलचा उत्तम शुक्रवार आणि १२ एप्रिलचा ईस्टर ख्रिस्ती लोकांनी घरात केला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सुरू झालेल्या रमजानचे नमाज मुसलमानांनी घरात पढले. ख्रिस्ती वर्षातील सर्वांत दाट आठवडा तयारीला पुरते पंधरा दिवसही न देता अंगावर आला.

पाळकांनी काय करावे? बहुतेकांनी मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून झूम, यूट्यूब किंवा फेसबुक यांपैकी जे साधले ते साधले, आणि व्हॉट्सॲपवर शनिवारी संध्याकाळी लिंकबरोबर सूचनांचा मजकूर जाऊ लागला. त्या सूचना वाचताना जुन्या प्रार्थनापुस्तकातील कारकुनी सूचनेची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दहा मिनिटे आधी जोडून घ्यावे. फोन पुरता चार्ज करून ठेवावा. शास्त्र आणि ‘उपासना संगीत’ जवळ घ्यावे. अंथरुणावर बसून किंवा स्वयंपाक करता करता उपासना करू नये. रविवारचे कपडे घालावेत. शेवटच्या सूचनेला तरुण हसले असतील, पण टोपीच्या प्रश्नाचे ते उत्तर होते. घराघरांत मग एक कोपरा ठरला. स्टुलावर विणकामाचा पांढरा रुमाल, त्यावर मेणबत्ती आणि शास्त्र, आणि मोबाइल पितळी तांब्याला असा टेकविलेला की वृद्ध माणसाला मान वर करावी लागू नये. ज्या घरात एकच फोन होता तेथे तो उपासनेच्या मध्येच वाजे, आणि कोणी मावशी पलीकडून कांद्याचा भाव सांगू लागे. उत्तम शुक्रवारी दुपारी बारापासून तीनपर्यंत चालणाऱ्या सात उद्गारांच्या उपासनेत पाचव्या उद्गारापाशी बॅटरी संपली, तर दोष कोणाला द्यावयाचा? शनिवारलाच.

सर्वांत मोठी फजिती गायनाची झाली, आणि तिचे कारण समजून घेण्याजोगे आहे. झूमसारख्या साधनातून आवाज एका घरातून दुसऱ्या घरात पोहोचण्यास सेकंदाचा काही अंश लागतो, आणि प्रत्येक घराचा विलंब निराळा असतो. बोलण्यात तो खपून जातो. तालात खपत नाही. त्यातून ते साधन एका वेळी एकच आवाज पुढे आणते आणि बाकीचे दाबते. युरोपीय चालीचे स्तोत्र, जेथे सर्वांनी एकदम म्हणावयाचे, ते अशा ठिकाणी फाटतेच; पण टिळकांच्या भजनाची हानी त्याहून अधिक. भजनाचा जीवच असा की एकाने ओळ टाकावी आणि बाकीच्यांनी ती शेवटच्या अक्षरावर झेलावी, पेटी मागे, झांज बरोबर, समेवर सारे एक. ती ओळ झेलणारे शंभर हात शंभर निरनिराळ्या क्षणी पुढे येऊ लागले, तेव्हा पाळकांना ‘सर्वांनी म्यूट करा’ असे म्हणावे लागले. एक गातो आहे, बाकीचे आपापल्या घरी त्याच्यासह गात आहेत, आणि कोणाला कोणाचे ऐकू येत नाही, अशी ती सामुदायिक उपासना होती. यावर तोड म्हणून घराने आपले भजन आपण करावे, मुलांनी डबा वाजवून ठेका धरावा, असे काही ठिकाणी चालू झाले, आणि ज्या घरांतून संध्याकाळची प्रार्थना दूरदर्शनच्या मालिकांनी केव्हाच हुसकून लावली होती तेथे ती मागच्या दाराने परत आली.

प्रभुभोजनाचा प्रश्न मात्र युक्तीने सुटण्यासारखा नव्हता. मेज एकच असते, आणि भाकर हातात द्यावी लागते. स्वतंत्र मंडळ्यांपैकी काहींनी प्रत्येक घराने भाकर व द्राक्षरस आपापल्या स्टुलावर ठेवावा अशी तजवीज केली. नाशकात द्राक्षांना तोटा नव्हता. त्या एप्रिलमध्ये गिऱ्हाईक न मिळाल्याने कित्येक बागायतदारांनी मालाचे बेदाणेच केले, आणि बेदाणे उकळून प्रभुभोजनाचा रस काढण्याची चाल आपल्याकडील मंडळ्यांत जुनीच आहे. बिशपांच्या व्यवस्थेखालील मंडळ्यांना ही मोकळीक पटणारी नव्हती. कॅथलिकांनी आध्यात्मिक सहभागितेच्या प्रार्थनेचा आधार घेतला. आणि १६६२ च्या पुस्तकाकडे वळणाऱ्याला तेथे, आजाऱ्यांच्या भोजनविधीच्या शेवटी, कोणाच्याही लक्षात नसलेली एक तरतूद सापडते : आजारामुळे किंवा अन्य रास्त अडचणीमुळे ज्याला भोजन घेता आले नाही, पण ज्याने खरा पश्चात्ताप केला आणि विश्वास धरला, त्याने तोंडाने काही घेतले नसले तरी त्याला त्याचा लाभ मिळालाच, हे पाळकाने त्यास समजावून सांगावे. लंडनच्या प्लेगला तीन वर्षे अवकाश असताना छापलेल्या या पुस्तकाच्या कर्त्यांना साथीची पुरती ओळख होती. त्याच विधीत प्लेगचा उल्लेख नावानिशी आहे.

महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, उघडली. दुसऱ्या लाटेत पुन्हा बंदी आली ती ५ एप्रिल २०२१ पासून, म्हणजे ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी ती उठली. पडदा मात्र सर्वत्र उतरला नाही. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, पुण्याला किंवा आखातात नोकरीस गेलेली मुले, रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका यांच्यासाठी मोबाइल अजूनही कोणीतरी बाकाच्या हाताला बांधतो. यामुळे मंडळीच्या दप्तरात एक अडचण उभी राहिली आहे, तिचा निकाल माझ्या पाहण्यात अद्याप कोणी दिलेला नाही. अँग्लिकन वहिवाटीच्या मंडळीत प्रत्येक उपासनेची नोंद एका वहीत होते : तारीख, विधी, उपदेशक, हजेरी, प्रभुभोजन घेणाऱ्यांची संख्या, अर्पणाची रक्कम. मिशनच्या काळापासूनचा कोणत्याही गावाचा ख्रिस्ती इतिहास लिहावयाचा तर अभ्यासक प्रथम अशाच वह्या उघडतो. त्या अठरा-एकोणीस महिन्यांच्या रकान्यांत हजेरी काय धरावी? यूट्यूब सांगते तो आकडा फोनांचा असतो, आणि एका फोनापुढे आजी, आई, दोन मुले आणि दारात उभी राहून ऐकणारी शेजारीण असते, किंवा कोणीच नसते. शनिवारी नावे कळविण्याची जुनी सूचना कोणी पुन्हा अंमलात आणली असती, तर निदान हा रकाना भरता आला असता.